बैलाचा खोकला

पुष्कळ जुनी गोष्ट. एका राज्यात पितळी घंटा करणाऱ्यांचे गाव होते. बैल गोल फिरून दगडी चाक ओढी आणि कारागीर त्यावर घंटा घासून उजळत. पितळेची पूड वाऱ्याने उडू नये म्हणून घासायच्या खोलीला खिडकी नसे.

गावाची एक रीत होती. कारागिराला खोकला लागला, की लोक म्हणत, "पितळ अंगात मुरलं, कसबी झाला!" मग गूळ वाटून त्याला मानाचे पागोटे बांधत.

असे पागोटे मिळालेला एक कारागीर होता. वय चाळीसच, पण विहिरीपर्यंत जाताना तीनदा खाली बसे.

एके सकाळी त्याची एकुलती लेक चाकापाशी खोकली. शेजारीण गूळ घेऊन धावली. "नशीब काढलंस गं पोरी! आता उद्याच पागोटं!"

बापाने गूळ हातातच धरला. एवढा मान, तर आपला धाकटा भाऊ पागोट्यासकट तिशीतच का गेला? त्याने पंचांना विचारले. पंच म्हणाले, "कला मोल मागते." तो आणखीच गोंधळला.

तेवढ्यात चाकाचा बैल खोकला. लेक हसून म्हणाली, "बाबा, ह्यालाही बांधा पागोटं! कसबी झाला की!"

सगळे हसले. बाप हसला नाही. बैलाने कधी घंटेला हात लावला होता? आणि तेल्याचा बैलही दिवसभर असाच फिरतो, पण उघड्या अंगणात. तो कुठे खोकतो?

त्याने बैलाच्या पापण्या पुसल्या. बोट पिवळे झाले. मग लेकीच्या पुसल्या. तेच पिवळे.

त्याने पागोटे काढले, टर्रकन फाडले आणि अर्धे भिजवून लेकीच्या नाकातोंडाला बांधले.

"अहो, मान फाडलात!" शेजारीण ओरडली.

"लेक राहिली तर मान पुन्हा विणता येईल."

मग त्याने भिंतीवर पहार घातली. एक दगड निघेतो त्याचा दम संपला. पुढचे लेकीने काढले. वारा आत आला. चाकावर पाण्याचे गळके मडके टांगले, तशी पूड उडेनाशी झाली, चिखल होऊन खाली बसू लागली.

बापाला उशीर झाला होता. पुढचा पोळा त्याने पाहिला नाही. लेकीचा खोकला मात्र थांबला. पोळ्याला तिने उरलेले अर्धे पागोटे बैलाच्या शिंगांना बांधले. तेव्हापासून त्या गावात ज्या घरी वर्षभर कुणी खोकत नाही, त्या घरी गूळ वाटतात.

तात्पर्य : ज्या दुखण्याला सगळे मान म्हणतात, त्याचे कारण आधी शोधावे.