म्हसोबा साहेबांच्या टेबलासमोर

एका गावात एक भोळा नळकारकून होता. नाव केरबा. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करायचा. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही. त्यामुळे नगरपालिकेत त्याला कोणी काम सांगत नसे.

गाव होतं उंचावर. खाली, वेशीबाहेर, तळ्याकाठी तळवाडी. गाव तळवाडीच्याच तळ्याचं पाणी प्यायचं. पाणी पंपाने वर चढायचं आणि गावाचं गटार आपसूक खाली उतरून तळवाडीच्या ओढ्यात पडायचं. मोठ्या मिनतवारीने वाडीला नळ मिळाले होते. आता पाणीपट्टी आणि गटारपट्टी ठरायची होती.

मुख्याधिकारी पुणतांबेकर साहेब म्हणाले, "हद्दीबाहेरच्यांना दीडपट."

तळवाडीची हौसाबाई साहेबांसमोर उभी राहिली. "सायेब, पानी त्येच, पाइप त्योच, मग आमाला दीडपट का?"

"कारण तुम्ही बाहेर आहात."

"दीडपट आमाला झेपायची न्हाई. निम्मी वाडी नळ सोडंल. मग पोरंबाळं वड्याचं पानी पित्याल. त्यात तुमचंच गटार हाय."

"नियम म्हणजे नियम, बाई." साहेबांनी केरबाला हाक मारली. त्या दिवशी दुसरा कारकून रजेवर होता, नाहीतर ही वेळ आली नसती. "केरबा, दरपत्रक तयार कर. पाणी जितकं लांब जातं, तितका दर जास्त. मोजून काढ."

केरबाने टेप घेतली आणि तळ्यापासून मोजायला सुरुवात केली. पाणी तळ्यातून निघतं, हे त्याला ठाऊक होतं. तळवाडी निघाली दोनशे मीटरवर. सगळ्यात लांब निघाला टेकडीवरचा साहेबांचा बंगला. तळवाडीला सगळ्यात कमी दर लागला, साहेबांना सगळ्यात जास्त.

साहेबांनी कागद फाडला. "अरे शहाण्या! पाणी कुठून येतं ते तुला कोणी विचारलं? सगळं ऑफिसपासून सुरू होतं. एवढं डोक्यात ठेव!"

"ठेवलं, साहेब."

मग आली गटारपट्टी. केरबाच्या डोक्यात नवा धडा ताजा होता. सगळं ऑफिसपासून सुरू होतं, म्हणजे गटारही. त्याने गावाच्या सगळ्या घाणीचं बिल नगरपालिकेच्या नावाने फाडलं आणि नगराध्यक्ष बापूसाहेबांच्या हातात नेऊन दिलं. बापूसाहेब गावभर आपल्या स्वच्छतेबद्दल बोलत असत. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. फक्त साहेबांना बोलावून घेतलं.

साहेब परत आले ते लालबुंद होऊन. "गटार सुरू कुठून होतं ते कशाला बघतोस? जाऊन कुठे पोचतं ते बघ! घाण ज्याच्या दारात पोचेल, त्याच्या नावावर बिल!"

"बरं, साहेब."

दुसऱ्या दिवशी हौसाबाई ओढ्याच्या पाण्याची घागर कडेवर घेऊन आली. अर्ज बरेच झाले, आता पुरावा बघा, म्हणाली. शिपायाने तिला आत सोडलं नाही. तिने घागर साहेबांच्या दारात ठेवली आणि घरी गेली.

केरबाने घागर पाहिली. वास घेतला. ओळख पटली. मग त्याने 'सांडपाणी, एक घागर' असं बिल साहेबांच्या नावाने केलं आणि दाराला चिकटवलं.

साहेबांचा आवाज बाजारपेठेपर्यंत गेला. "दारबीर सगळं विसर! हद्दीचा दगड बघ. दगडाच्या आत असेल त्याला साधा दर, बाहेर असेल त्याला दीडपट. दुसरं काही बघायचं नाही!"

"पण साहेब, वेशीवर चार दगड आहेत. त्यातला हद्दीचा कुठला?"

"मग असं कर," साहेब दात खात म्हणाले, "तो दगडच माझ्या टेबलासमोर आणून ठेव!"

एवढं बोलून साहेब दोन दिवसांच्या बैठकीला जिल्ह्याच्या गावी निघून गेले.

केरबा बैलगाडी घेऊन वेशीवर गेला. तिथे त्याने हौसाबाईलाच विचारलं, "मावशी, यातला हद्दीचा दगड कुठला हो?"

"त्यो शेंदूर फासलेला. शिवंवरचा म्हसोबा हाय त्यो. का रं?"

"साहेबांनी टेबलासमोर आणायला सांगितलाय. दगड असेल तिथे हद्द."

हौसाबाईने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "द्येव येकटा कसा जाईल? थांब, नारळ आनते."

वाडीतल्या चार गड्यांनी म्हसोबा गाडीत चढवला. हलगी वाजवत तो नगरपालिकेत आला आणि साहेबांच्या टेबलासमोर बसला. हौसाबाईने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हात जोडले. "आता फुडल्या जत्रंपातुर द्येव हलायचा न्हाई," ती म्हणाली. हा नियम गावात सगळ्यांना माहीत होता. नगरपालिकेचे नियम मोडणारे पुष्कळ होते, म्हसोबाचा मोडणारा एकही नव्हता.

केरबाने दगडाकडे पाहिलं. आत कुठली बाजू आणि बाहेर कुठली? त्याला जुना धडा आठवला. सगळं ऑफिसपासून सुरू होतं. म्हणजे खुर्चीकडची बाजू आत. आत होती साहेबांची खुर्ची, एक लोखंडी कपाट आणि हात धुवायचा एक नळ. बाकी सारं गाव बाहेर.

कोऱ्या बिलांवर साहेब आधीच सह्या करून ठेवत. कामाचा उरक दांडगा होता त्यांचा. केरबाने बिलं भरली आणि घरोघर वाटली. बापूसाहेबांना दीडपट, सराफाला दीडपट, तळवाडीला दीडपट. कोणावरही अन्याय नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब परतले तेव्हा नगरपालिकेसमोर सगळं गाव जमलं होतं. सगळ्यात पुढे सराफ. तो ओरडत होता, "पाणी तेच, पाइप तोच, मग आम्हाला दीडपट का?"

पायरीवर केरबा उभा होता. त्याने साहेबांनी शिकवलेलं उत्तर अगदी नम्रपणे दिलं.

"कारण तुम्ही बाहेर आहात."

त्यानंतर एक चप्पल आली. ती साहेबांना लागली.

बापूसाहेब धापा टाकत आत शिरले. म्हसोबाला पाहून त्यांनी आधी पायताण काढलं, नमस्कार केला, आणि मग ओरडले, "हा दगड हलवा!"

कोणी हललं नाही. बापूसाहेबही नाहीत. निवडणूक जवळ आली होती, आणि देव कोपला तर मतं कोण देणार?

"मग ते दरपत्रक उलटं करा! बाहेरच्यांना साधा दर! आत्ताच्या आत्ता ठराव करा!"

ठराव झाला. एकमताने झाला. तळवाडीही बाहेरच होती, त्यामुळे तिलाही साधा दर मिळाला. हौसाबाईने दाराशी उभं राहून तो ठराव दोनदा वाचून घेतला आणि पदराने डोळे पुसले. मग म्हसोबाला आणखी एक नारळ फोडला.

गर्दी पांगली. साहेब घाम पुसत खुर्चीत बसले. केरबाने अदबीने एक बिल त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे काय?"

"तुमच्या मागच्या नळाचं, साहेब. दीडपट. दरपत्रक उलटं करायला सांगितलं होतं, ते केलं."

साहेब ताडकन उभे राहिले. "अरे, पाणी तेच, पाइप तोच, मग मला दीडपट का?"

केरबाने म्हसोबाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि खात्री करून घेतली.

"कारण साहेब, तुम्ही आत आहात."