हौसाची चटई

त्या मुलखात स्वप्नं आपोआप पडत नसत. ती चटईत विणावी लागत. नदीच्या अलीकडच्या काठावर लव्हाळा उगवे, म्हणून विणणारे अलीकडे राहत. झोपणारे बहुतेक पलीकडे राहत. नदीला ओढ होती आणि चटया पार नेण्याचं काम कासवांकडे होतं. कासवाच्या पाठीवर एका खेपेला एकच चटई मावे. पलीकडे ती आवडली तर कासवाला वाळूतल्या काकड्यांचा वाटा मिळे. नाही आवडली तर भिजलेलं ओझं परत आणावं लागे. त्यामुळे कासवं पारखून घेत आणि याबद्दल त्यांना कोणी दोष देत नसे.

हौसा नावाची एक साळिंदरीण काठापासून जरा दूर, बाभळीच्या रानात राहत होती. लहान चटया विणण्यात तिला रस नव्हता. तिने एक मोठी चटई विणायला घेतली होती. तिच्यात एक हरणी होती, आणि ती हरवलेलं पाडस शोधत रानामागून रान तुडवत होती. हौसा दिवसा पाती चिरायची, पळसाच्या फुलांत रंगवायची आणि स्वतःच्याच काट्याने ओवायची. त्या नादात तिचं कंद उकरून ठेवायचं राहून गेलं. बिळाचं तोंड एका बाजूने ढासळलं होतं, तेही तसंच राहिलं. चटई पुरी झाली तेव्हा हौसा स्वतः चांगलीच वाळली होती, पण चटईकडे बघून तिला स्वतःचं काही वाईट वाटलं नाही.

काठावरची रीत अशी होती की विणणाऱ्याने चटईची फक्त कड उलगडायची. कासव तिच्यावर क्षणभर हनुवटी टेकवे आणि काय ते सांगे. पहिलं कासव म्हणालं की वीण सुरेख आहे, फक्त त्याच्या पाठीला शोभणारी नाही. दुसऱ्याने सांगितलं की यंदा पलीकडे कोल्ह्यांच्या स्वप्नांना मागणी आहे. हरणी बदलून कोल्हा करता आला तर बघावं. बरीचशी कासवं काहीच बोलली नाहीत. ती कडेवर हनुवटी टेकवत आणि पाण्यात बुडत. थोडा वेळ बुडबुडे येत, मग तेही थांबत. केरोबा नावाचं एक म्हातारं कासव होतं, ज्याने नेलेली चटई सहसा परत येत नसे. तेही असंच बुडालं. हौसा संध्याकाळपर्यंत त्या जागेकडे बघत बसली.

एका तरुण कासवाने मात्र अख्खी चटई मागितली. झोपून बघतो, म्हणालं. हौसा त्या दिवशी उड्या मारत घरी गेली. तिने बिळाचं तोंड नीट केलं, कंद उकरून शेजाऱ्यांना वाटले. उन्हाळा सरत आला तेव्हा कासवाने चटई नीट गुंडाळून परत आणली. त्याला ती आवडली होती, असं त्याने खरेपणाने सांगितलं. "पण मधे कुठेतरी मला जाग आली," ते म्हणालं, "आणि परत झोपावंसं वाटलं नाही."

हौसाने चटई बिळाच्या कोपऱ्यात टाकली. लव्हाळा कापायला ती गेली नाही. शेजारच्या सशांनी तिला समजावलं की छोट्या चटया विणाव्यात, त्या इथल्या इथे खपतात. तिने दोन विणल्याही. पण तिचा हात त्यांत रमला नाही.

पुराच्या दिवसांत तुळसा नावाची घोरपड तिच्याकडे आसऱ्याला आली. तिचं बीळ वाहून गेलं होतं, बिळातल्या अंड्यांसकट. तेव्हापासून तिचा डोळा लागत नव्हता. हौसाकडे अंथरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने कोपऱ्यातली चटई काढली आणि पसरली. तुळसा आडवी झाली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. उठल्या उठल्या तिने विचारलं, "तिला पाडस भेटतं का?"

"माहीत नाही, मावशी. हरणी नदीकाठी येऊन उभी राहते, तिथे चटई संपली."

"संपली कशी? ती उभीच आहे अजून."

हौसाने चटईची शेवटची कड उचलून पाहिली.

"नदी ओलांडू दे तिला," तुळसा म्हणाली. "मग पुढचं पुढे."

पूर ओसरल्यावर हौसा लव्हाळा कापायला गेली. आधी तिने जुनी चटई मधून उसवली. तरुण कासवाला जिथे जाग आली होती ती जागा शोधायला तिला फार वेळ लागला नाही. तिथे हरणी उगाच एका रानात रेंगाळत होती, कारण ते रान विणताना हौसालाच फार आवडलं होतं. तिने ते रान काढून टाकलं. ते काढताना तिला रडू आलं. मग तिने नदी विणायला घेतली. तुळसा पाती भिजवून द्यायची आणि पुढे काय होतं ते विचारायची नाही.

नवी चटई घेऊन हौसा पुन्हा काठावर गेली. यंदाही पहिल्या कासवाने नको म्हटलं आणि दुसरं बुडालं. नकाराची सवय होत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. पण या खेपेला ती लव्हाळ्याची एक मोळी बरोबर घेऊन आली होती. कासवं येईपर्यंत आणि गेल्यानंतर ती पाती चिरत बसे. ती पाती तिसऱ्याच कुठल्यातरी चटईची होती. तिच्यात हरणी नव्हती.

दुपारी ऊन वर आलं तेव्हा केरोबा पाण्यातून वर आला. त्याने हौसाकडे पाहिलं नाही. कडेवर हनुवटी टेकवली आणि ती टेकवूनच ठेवली. थोड्या वेळाने त्याचा एक पाय चटईवर आला. मग दुसरा. हौसाने हळूच चटईची गुंडाळी मागे सरकवली तसा तो पुढे सरकला. होता होता पूर्ण चटई उलगडली, आणि केरोबा तिच्या मधोमध मान आत ओढून पडला होता.

पलीकडच्या काठावरून कासवांना हाका आल्या. बाकीची कासवं पाठीवर ओझी घेऊन पाण्यात उतरली. एकाने केरोबाला पाठीवर टकटक करून पाहिलं. त्याने मान बाहेर काढली नाही.

हौसाने मोळीतलं पुढचं पातं ओढलं आणि चिरायला घेतलं. तिच्या शेजारी, उन्हात, म्हाताऱ्या कासवाचे चारही पाय हरणीसारखे धावत होते.