हॉवित्झर कशाला म्हणायचं

"मग काय, सगळ्यांनाच तोफ म्हणायचं, महाराज?"

प्रश्न श्रीरंगराव ओकांचा. नाशिकबाहेरच्या त्या छोट्या मठात चपला काढायच्या आधीच त्यांचं तोंड सुरू झालं होतं. इंग्रजी उत्तम, आणि ते उत्तम आहे हे सगळ्यांना ठाऊक असावं, एवढीच माणसाची हौस.

महाराज दारात ऊन खात बसले होते.

"झालं काय?"

"मुकुंदानं घोळ घातला. आम्ही दोघं मिळून युद्धावरच्या पुस्तकाचं भाषांतर करतोय. मुळात गन आहे, हॉवित्झर आहे, मॉर्टर आहे... हा पठ्ठ्या जिथे तिथे तोफ लिहून मोकळा. वाचनालयाच्या सभेत मी त्याची चांगली अक्कल काढली. तेव्हापासून घरी येत नाही, फोन उचलत नाही. लहानपणापासूनचा मित्र, महाराज. चहासुद्धा गोड लागेनासा झालाय. पण चूक त्याचीच."

"चूक त्याचीच," महाराज म्हणाले. "मला सांग बघू फरक."

श्रीरंगराव खुलले.

"गनची नळी लांब. शत्रू समोर दिसतो, गोळा सरळ त्याच्यावर. हॉवित्झरची नळी आखूड. शत्रू डोंगराआड, दिसतच नाही. गोळा उंच जाऊन पलीकडे उतरतो. मॉर्टर त्याहून आखूड. गोळा आभाळात चढतो आणि थेट डोक्यावर पडतो. तिला आपण उखळी तोफ म्हणतो."

"छान सांगतोस." महाराजांना खरंच मजा वाटत होती. "मग सभेत मुकुंदावर डागलीस ती कोणती?"

"गन." श्रीरंगराव हसले. "आपल्याकडे आडपडदा नाही. पहिल्या रांगेत बसला होता. तोंडावर बोललो."

"तोंड कसं झालं होतं त्याचं?"

श्रीरंगराव चपला काढायला वाकले.

"बघितलं असशील ना?"

"नाही... मी लोकांकडे बघत होतो."

"मग हॉवित्झर."

श्रीरंगराव पायरीवर बसले. ऊन छान होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना जरा हलकं वाटलं.

"महाराज... बोलेल का हो तो माझ्याशी?"

महाराज दारातून बाजूला सरकले.

"आत आहे. सकाळपासून वांगी चिरतोय. जा, समोरून जा."