गथफस की ग-थ-फ-स?

ही गोष्ट इतकी जुनी आहे की त्या राजाचे नाव आता कुणालाच आठवत नाही. त्याचे यंत्र मात्र आठवते. लाकडी चाकांचे ते यंत्र आपणहून गणित करी आणि यंदा पेरणी केव्हा करावी ते सांगे.

चाके थांबवायला एक खुंटी होती. तिच्यावर ‘गती थांबव, फेरे सोडव’ असे कोरायचे कारागिराच्या मनात होते. पण खुंटी बोटभर, जागा पुरेना. मग त्याने चार शब्दांची चार अक्षरे तेवढी कोरली : ग थ फ स. पुढे तो म्हातारा कारागीर देवाघरी गेला, आणि ते म्हणायचे कसे हे सांगायचे राहूनच गेले!

यंत्र सांभाळायला दोघे होते, डोंगराकडचे दादा आणि खाडीकडच्या बाई. एकाने चाकांना तेल घालायचे, दुसऱ्याने खुंटीपाशी उभे राहायचे आणि त्या अक्षरांची हाक आली की ती ओढायची.

बाई एका दमात म्हणत, ‘गथफस!’ दादा एकेक अक्षर सुटे करून म्हणत, ‘ग, थ, फ, स.’

“बाई, हे नाव घेतलंत की शिंकलात?” दादा विचारत.

“आणि तुमचं म्हणून होईपर्यंत चाक गावाला वळसा घालून येईल!”

थट्टेचे भांडण झाले. गावातही दोन तट पडले, जेवणावळीत पंगती वेगळ्या बसू लागल्या. शहाणी माणसे हो, पण हट्टाला पेटली की पेटली! शेवटी दोघांनी शपथ घेतली, “माझ्यासारखं म्हटलं तरच खुंटी ओढीन.”

एके दिवशी तेल घालताना दादांचे उपरणे चाकात अडकले. गळ्याला फास बसू लागला. दादांना बाईंची शपथ आठवली. सगळा अभिमान गिळून ते ओरडले, “गथफस!”

पण चाके त्याआधीच थांबली होती.

दादा कसेबसे बाहेर आले. “बाई, मी नीट म्हणायच्या आधीच ओढलीत? आणि शपथ?”

बाईंनी खुंटी अजून सोडली नव्हती. “तुमचं उपरणं आत जाताना दिसलं, दादा. शपथ आठवायला वेळ कुठे होता?”

दादांना रडू आवरेना. “तुमचे उपकार कसे फेडू, बाई?” मग दोघांनी त्या खुंटीला हात जोडले. म्हाताऱ्याने ती घडवली होती म्हणून तर आज एक जीव वाचला होता.

त्या दिवसापासून दादा कृतज्ञतेने ‘गथफस’ म्हणू लागले. आणि दादांनी बाईंच्या उच्चाराचा मान राखला म्हणून त्या ‘ग, थ, फ, स’ म्हणू लागल्या. म्हणजे उच्चार दोनाचे दोनच राहिले! पण पंगत पुन्हा एक झाली. कुणी विचारले, “यातला बरोबर कोणता?” तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत.

तात्पर्य : नाव कसे घ्यावे यावर खुशाल वाद घालावा, पण आपल्यासाठी धावून येणाऱ्याचे उपकार कधी विसरू नयेत.