पत्र्याच्या दोन बाजू

बोरवाडीच्या छोट्या विमानतळाच्या जाळीच्या कुंपणाशी गुलाबभाई मोमीन रोज सकाळी स्टूल टाकून बसायचे. गॅरेजातून निवृत्त झालेले हे मेकॅनिक, उतरणाऱ्या प्रत्येक विमानाचा नंबर वहीत टिपायचे. एवढाच काय तो शौक.

नवे सुरक्षा अधिकारी खर्डेकर आले आणि आठवडाभरात त्यांनी जाळीवर उंच पत्रे ठोकून घेतले. वर गुलाबभाईंना बोलावून बजावलं, "बाहेरच्या माणसाला आतलं काही दिसता कामा नये. सुरक्षेपुढे कुणाची हौस चालायची नाही."

गुलाबभाईंनी मान डोलावली. "बरोबर आहे साहेब. फक्त एक सांगा, काल सकाळी पत्र्यापलीकडे कोण उभं होतं?"

खर्डेकरांनी शेजारी उभ्या असलेल्या कुंपणाच्या पहारेकऱ्याकडे पाहिलं. पहारेकऱ्याने पत्र्याकडे पाहिलं.

"मीच होतो. दोन तास, नुसते इंजिनांचे आवाज ऐकत. जाळी होती तेव्हा कुणी नवखा घुटमळला, तर मी ह्या पहारेकऱ्यांना हाक मारून दाखवायचो. पत्र्याने माझे डोळे झाकले, त्याचं काही नाही साहेब. पण तुमचेही झाकलेत."

दुसऱ्या दिवशी पत्रे उतरले. गुलाबभाईंचं स्टूल जुन्या जागी आलं, आणि जाळीच्या आत, बरोबर त्याच्यासमोर, पहारेकऱ्याची खुर्ची.