पहिली ओंजळ

“मग काय, कॉम्प्युटर खोटं बोलतो?”

हर्षदनं चावडीवर सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, बोलतो. लोक हसले. माझ्यावर एकाचाही विश्वास बसला नाही. पोटच्या पोराचासुद्धा नाही.

गावात कावीळ पसरली होती. कोण कधी आजारी पडलं, ते सगळं हर्षदनं कॉम्प्युटरात भरलं होतं. शिकलेला माणूस. धोंडीबुवांचा शिष्य म्हणून मठात राहायला आलेला. शिष्य झाला, पण मान काही वाकली नव्हती. प्रत्येक आळीत कावीळ पहिल्यांदा कुणाला झाली, ते त्यानं काढलं. लोहार आळीपुढे माझ्या सुनेचं नाव आलं. सुगंधा.

झालं. माहेरून रोग घेऊन आली म्हणे. तिला नळावर उभी करीनात. माझा लेक तिचं गाठोडं बांधायला बसला.

संध्याकाळी आरतीला गाव मठात जमलं. मी सुगंधाला हाताला धरून नेली. आम्ही सगळ्यांच्या शेवटी पोचलो.

“बुवा, ही माहेराहून आली तेव्हा आळीत कावीळ होतीच. ही मागून आजारी पडली. तुम्ही तरी ऐका.”

बुवांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हर्षदला विचारलं,

“तू त्या कॉम्प्युटरकडे काय मागितलंस?”

“आळीवार सगळ्यात आधीची तारीख. आणि नाव.”

“नाव कुणाचं?”

“त्या... आळीतलं.”

बुवा उठून दाराशी गेले. आमच्या मठात चपलाही आळीवार काढायच्या. ज्याची त्याची ओळ. आधी येईल त्याची जोडी भिंतीशी, मागून येणाऱ्याची त्याच्यापुढे.

बुवांनी लोहार आळीच्या ओळीतली भिंतीजवळची एक चप्पल उचलली. तुळशीरामची, टायरच्या तळाची, डावी. मग ओळीच्या टोकाची एक उचलली. सुगंधाची, उजवी. दोन्ही हर्षदपुढे ठेवल्या.

“घाल.”

त्यानं घातल्या. डावीत पाय बुडाला. उजवीत टाच मावेना.

“चाल.”

दोन पावलं टाकून तो लंगडला. बायका पदराआड हसल्या.

“दोन्ही लोहार आळीच्याच ना?”

“आळीच्याच. पण... माणूस एक नाही.”

“मग सुगंधाच्या नावापुढे तारीख कुणाची?”

हर्षदचे कान लाल झाले. त्यानं चपला काढल्या. जिथल्या तिथे नेऊन ठेवल्या. कॉम्प्युटर उघडून बसला.

“तारीख पहिल्या माणसाची आली. नाव मात्र आळीतलं हाताला लागेल ते आलं,” तो हळू बोलला. “आधी पहिली तारीख शोधायची. मग त्या तारखेचाच माणूस उचलायचा.”

“उचल.”

तो वाचू लागला. “लोहार आळी, तुळशीराम. कोष्टी आळी, बाबाजी. माळी आळी, सखाहरी...”

सुगंधा कुठंच नव्हती. मी लेकाला म्हटलं, “सोड आता गाठोडं, मेल्या.”

पण गाव ते गावच. “म्हणजे तुळश्यानं आणली होय!” मागून कुणी ओरडलं. तुळशीरामच्या शेजारचे दोघं सरकून बसले. त्याच्या बायकोनं पोर पोटाशी ओढलं.

हर्षद अजून पडद्याकडेच बघत होता. एकेक नाव परत वाचत होता, ओठांतल्या ओठांत.

“बुवा... ही सगळी कुंडात उतरलेली माणसं.”

सगळ्यांच्या माना मठाच्या कुंडाकडे वळल्या.

दसऱ्याआधी मठाच्या कुंडातला गाळ काढतात. प्रत्येक आळी एक माणूस देते. नवं पाणी लागलं की पहिली ओंजळ त्या माणसांची. त्यांच्याआधी कुणी प्यायचं नाही. आणि ती ओंजळ बुवांच्याच हातून घ्यायची. यंदा पाणी गढूळ होतं. तुळशीराम तसं म्हणालाही होता. बुवा म्हणाले होते, तीर्थाला रंग बघू नये.

बुवांनीही कुंडाकडे पाहिलं.

“हर्षद, सगळ्या आळ्यांच्या वर एक ओळ घाल.”

“काय लिहू?”

“पहिली ओंजळ ज्यानं दिली, त्याचं नाव.”

हर्षदनं हात मागे घेतला.

“बुवा... नको.”

“आता तरी जोडी नीट लाव. लिही... धोंडीबुवा.”