थोरल्याचा पडदा

फार जुनी नाही ही गोष्ट. पेडणेकरबाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात आलेख काढणारे दोन कॅल्क्युलेटर एकाच खोक्यात पडून होते. थोरल्याची बटणं सरबत सांडून चिकटली होती, धाकट्याचा पडदा काळा पडला होता. दिवसभर ते एकमेकांशी बोलत.

एक दिवस बाईंनी दोघांना उघडलं. "दोघांचा मिळून एकच होईल," त्या हळहळल्या.

"माझा पडदा याला द्या," थोरला म्हणाला.

"आणि तू, दादा?"

"मी कुठे जातोय?" थोरला हसला.

संध्याकाळी धाकट्याने सुरेख आलेख काढला. "बघ, किती स्वच्छ दिसतंय!" बाई म्हणाल्या. दिसत होतं खरं. पण "दादा, बघ ना" म्हणायला खोक्यात कुणी उरलं नव्हतं.